चौथं इंजिन

मी लिहिलेलं पहिलंच जॉबकार्ड सुजाताताई इंगळ्यांनी परत पाठवलं होतं. गाडी वर्कशॉपमध्ये आली की ग्राहकाची तक्रार ज्या कागदावर उतरवून घेतात, ते जॉबकार्ड. मी त्यावर ‘इंजिन नॉइज’ एवढंच लिहिलं होतं. खाली लाल पेनानं प्रश्न आले होते : ‘कसला आवाज? गाडी थंड असताना की तापल्यावर? चढावर की सपाटीवर? माणूस काय म्हणाला ते लिही. तुला काय वाटलं ते नको.’ अंधेरीला मरोळच्या त्या वर्कशॉपमध्ये माझा तो दुसरा दिवस होता. कार्ड घेऊन मी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेलो आणि म्हणालो, “मॅडम, कस्टमर तर गेला. आता कुठून विचारू?”

“फोन आहे ना?” त्या मान वर न करता म्हणाल्या. “लाव की मग.”

लावला. गृहस्थ म्हणाले, सकाळी बिल्डिंगच्या तळघरातून गाडी वर काढताना डब्यात नाणं हलवल्यासारखा आवाज येतो, रस्त्यावर आलो की थांबतो. मी ते जसंच्या तसं लिहिलं. ताईंनी वाचलं, पुढच्या बाजूचं एक बेअरिंग गेलंय म्हणाल्या, आणि खोललं तर तेच निघालं. मी थक्क झालो. पुढं चौदा वर्षं त्यांच्याबरोबर काढल्यावर कळलं, की त्या फक्त विचारत असत. बाकीचे आम्ही विचारायचा कंटाळा करत होतो.

बाई किडकिडीत, उंच. साध्या पंजाबी ड्रेसवर निळा कोट, दोरीला अडकवलेला चष्मा, आणि नखं मुळापर्यंत कापलेली. जालना जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलेल्या. वडील विहिरींवरचे डिझेल पंप दुरुस्त करायचे, तिथं पाने हातात देता देता शिकल्या. आयटीआयला मोटर मेकॅनिकच्या वर्गात एकट्याच मुलगी. मग भांडुपला टेंभीपाड्यात मामाकडे आल्या, आणि तिथल्याच झाल्या. नवरा लवकर गेला. मुलगी पौर्णिमा नर्सिंगला होती. मुंबईत तीस वर्षं काढल्यामुळे बोलणं आमच्यासारखंच चटचटीत झालेलं, पण चिडल्या की गाव बाहेर यायचं. “काय करायलास?”, “कुणाला सांगायलास?” असं सुरू झालं की वर्कशॉपमधली पोरं पांगायची.

त्या लागल्या तेव्हाच्या फोरमनला खाली मशीनवर बाई नको होती. म्हणून त्यांना वॉरंटीच्या शेडमध्ये बसवलं. गॅरंटीच्या मुदतीत जो भाग बिघडतो तो काढून, चिठ्ठी बांधून, कंपनीचा माणूस बघून जाईपर्यंत तिथं ठेवायचा आणि नंतर भंगारात द्यायचा. फोरमनला वाटलं, बसून करायचं काम आहे, बसेल. ताईंनी भंगारात जाण्याआधी एकेक भाग खोलून बघायला सुरुवात केली. तो का मेला हे कळल्याशिवाय त्या चिठ्ठी फाडत नसत. काही वर्षांनी तोच फोरमन एखादं इंजिन डोक्याच्या वर गेलं की स्वतः शेडच्या दारात येऊन उभा राहायचा.

शेडमध्ये बाबासाहेबांच्या फोटोखाली एक लांब फळी होती. त्या फळीवर आमच्या कंपनीच्या छोट्या पेट्रोल इंजिनाचा सगळा वंश मांडलेला असे. मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत ज्या गाड्या दिसतात त्यातल्या कितीतरी त्या एकाच घराण्याच्या इंजिनावर चालतात. कंपनीनं त्यांना इंग्रजी अक्षरं आणि आकडे दिलेत, वर्कशॉपची नावं वेगळी होती. पहिलं ‘लोखंडी’. अख्खं ओतीव लोखंडाचं, कार्ब्युरेटरवालं, स्क्रू ड्रायव्हरनं कमी-जास्त करायचं. दुसरं ‘इंजेक्शनवालं’. धड तेच लोखंडी, पण पेट्रोल किती सोडायचं ते आता कॉम्प्युटर ठरवायचा. जुने मेकॅनिक त्याला हात लावायला घाबरायचे. आणि तिसरं ‘चेनवालं’. अॅल्युमिनियमचं, हलकं. आधीच्या दोघांत इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागाची चाल जुळवणारा रबरी पट्टा होता, तो ठरावीक काळानं बदलावा लागे. तिसऱ्यात त्याच्या जागी पोलादी साखळी आली. टॅक्सीवाल्यांनी त्या इंजिनावर पोरांची लग्नं केली.

नवीन भरती झाली की ताई मुलांना त्या फळीपुढे उभं करायच्या. “प्रत्येकानं आधीच्याची एक खोड काढलीय,” त्या म्हणायच्या, “आणि स्वतःची एक आणलीय. काढलेली कंपनी सांगती. आणलेली कुणी सांगत नाही, ती तुम्ही शोधा.”

चौथं इंजिन आलं तेव्हा शोरूममध्ये फुगे लावले होते, केक कापला होता. तीन सिलिंडर, टर्बो, धूर कमी, अॅव्हरेज जास्त. मी कागदाच्या बशीत केकचा तुकडा घेऊन शेडमध्ये गेलो. ताई नव्या इंजिनाचं मॅन्युअल वाचत बसल्या होत्या. त्यांनी केककडे बघितलंही नाही.

“परब, साखळी काढली ह्यांनी. पट्टा परत आणलाय.”

“हो ना. हलका पडतो.”

“पट्टा तेलात ठेवलाय. इंजिनाच्या आत. रबराला तेलात कशाला ठेवायलेत रे?”

“स्पेशल रबर आहे ताई. ट्रेनिंगमध्ये सांगितलं आम्हाला. गाडीचं आयुष्य तेवढं पट्ट्याचं.”

“रबर असेल स्पेशल. तेल तर ह्याच शहरात फिरणार ना?” त्यांनी मॅन्युअल मिटलं. “तासभर ट्रॅफिकमध्ये गुरगुरत चार किलोमीटर जायचं, इंजिन धड तापायच्या आत बंद करायचं. पेट्रोल उतरतं तेलात. पेट्रोल उतरलेल्या तेलात हे रबर किती दिवस टिकतं, ते लिहिलंय का कुठं?”

लिहिलेलं नव्हतं. केकवर मुंग्या आल्या, संध्याकाळी शिपायानं बशी फेकली.

वर्ष व्हायच्या आत पहिली गाडी आली. अंधेरीतल्याच एका दाताच्या डॉक्टरीणबाईंची. घर ते दवाखाना, दवाखाना ते घर. तेलाचा दिवा लागतो-विझतो अशी तक्रार. ताईंनी इंजिनाच्या तळातली तेलाची जाळी काढून आणली आणि मला बोलावलं. जाळीवर काळा चुरा बसला होता, जाडसर कुटलेल्या मिरीसारखा. त्यांनी एक कण चिमटीत धरून ताणला. तो लांब झाला, मग तुटला.

“पट्टा आहे हा,” त्या म्हणाल्या.

त्यांनी तो चुरा कॉफीच्या रिकाम्या बाटलीत भरला आणि बाटलीवर गाडीचा नंबर लिहिला. मग दुसरी बाटली झाली, तिसरी झाली. फळीवर लोखंडीच्या शेजारी बाटल्यांची रांग लागली. मी तिकडे बघायचं टाळू लागलो. काउंटरवर बसून त्याच गाड्यांच्या किल्ल्या लोकांच्या हातात हसत ठेवायच्या होत्या.

एक दिवस जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला शेडमध्ये खेचूनच नेलं. टेबलावर मुठीएवढा एक पंप होता. चौथ्या इंजिनात ब्रेक दाबताना पायाला जी मदत मिळते ती हा पंप करतो, आणि तो त्याच तेलावर चालतो. त्याच्या तोंडाशी एक जाळी होती, शर्टाच्या बटणाएवढी. ती काळी भरली होती.

“नीट ऐक,” ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज खाली आला होता. “ही जाळी भरली की पायाची मदत गेली. पेडल दगड होतं. इंजिन बंद पडलं तर काय, गाडी उभी राहती, माणूस शिव्या घालतो आणि रिक्षानं घरी जातो. हितं इंजिन झकास चालत राहणार. नुसता ब्रेक जाणार. एकदम नाही जाणार, आधी सकाळी एकदोनदा घट्ट लागंल. मग चांगलं चालंल. मग उतारावर, पाचसहा वेळा लागोपाठ दाबल्यावर…”

तेवढ्यात काउंटरवरून हाक आली आणि मी सुटल्यासारखा पळालो.

ताईंनी रिपोर्ट लिहिला. कंपनीचा माणूस आला, सभ्य होता, चहा घेतला, बाटल्यांचे फोटो काढले. पंधरा दिवसांनी वरून उत्तर आलं : ग्राहक बाहेरचं हलकं तेल वापरतात, त्यामुळे होतं. आमच्या मॅनेजरनं ताईंना सांगितलं, यापुढं कारणाच्या रकान्यात ‘अयोग्य तेल’ लिहायचं. आणि ताईंनी ते लिहिलं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण नंतर त्यांचं कौतुक करणाऱ्यांना हे आवडत नाही. काही महिने त्या लिहीत होत्या. पौर्णिमाचं शेवटचं वर्ष होतं. पुढं कुणी “ताई, तुम्ही होतात म्हणून” असं काही बोलायला लागलं की त्या तोडून टाकायच्या, “मी पण लिहिलंय. सही माझी आहे त्याच्यावर.”

मग एक बाई आल्या, ज्यांची गाडी पहिल्या दिवसापासून आमच्याकडेच सर्व्हिसला येत होती. त्याही गाडीत चुरा निघाला. ताई कार्ड घेऊन तडक मॅनेजरच्या केबिनमध्ये गेल्या. दार उघडंच होतं.

“तेल आपल्या पिंपातलं आहे साहेब. आता अयोग्य कोण, तेवढं सांगा, मी लिहिते.”

महिन्याभरात त्यांची बदली भांडुपच्या पार्ट्सच्या गोदामात झाली. “घराजवळ झालं, बरंच झालं की,” मॅनेजर म्हणाला. शेड रिकामी करायला टेम्पो आला. लोखंडी, इंजेक्शनवालं, चेनवालं, सगळं भंगारात गेलं. बाटल्या मात्र त्या दिवशी सकाळीच ताईंच्या कापडी पिशवीत गेल्या होत्या. निघताना त्या काउंटरपाशी थांबल्या.

“परब, एकच सांगते. पेडल घट्ट लागतं अशी तक्रार आली, तर ती गाडी गेटबाहेर सोडू नको. कोण काय बोलायचं ते बोलू दे.”

“नाही सोडणार ताई,” मी म्हणालो.

काउंटरवरच्या आम्हा सगळ्यांना तोंडी सूचना होती, की अशी तक्रार आली तर सांगायचं, सकाळी पहिल्यांदा पेडल जरा घट्ट लागतं, नॉर्मल आहे. ते मी इतक्या वेळा बोललो होतो की ‘चहा घेणार का’ म्हणतो त्याच सुरात ते तोंडातून निघायचं.

मुलुंडचे वैद्य सर आमचे जुने ग्राहक. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. गाडी सर्व्हिसला टाकली की ते वेटिंगच्या सोफ्यावर न बसता शेडमध्ये स्टुलावर जाऊन बसायचे आणि ताईंना प्रश्न विचारायचे. दहावीला पौर्णिमाचं गणित त्यांनीच घेतलं होतं, दर रविवारी ती भांडुपहून त्यांच्या घरी जायची, मालतीकाकू तिला जेवल्याशिवाय सोडायच्या नाहीत. सरांकडे चेनवालं इंजिन होतं, दणकट. एक्स्चेंजची योजना निघाली तेव्हा मीच त्यांच्या मागे लागून ती गाडी बदलायला लावली. ताईंना कळलं तेव्हा “त्यांना कशाला दिलीस रे?” एवढंच म्हणाल्या.

ताई भांडुपला गेल्यावर काही आठवड्यांनी सरांचा फोन आला. “परब, आज पेडल दगडासारखं लागलं. दोनदा.”

“सकाळी होतं सर तसं. नॉर्मल आहे.”

“नॉर्मल म्हणजे सगळ्याच गाड्यांना होतं?”

“हो सर.”

“मग सगळ्याच गाड्यांना काहीतरी झालंय,” असं म्हणून ते हसले. मीही हसलो.

तरी मी गाडी मागवून घेतली. कार्डावर त्यांचे शब्द लिहिले : ‘पेडल दगडासारखं लागतं, दोनदा.’ महिनाअखेर होती, एकही जागा रिकामी नव्हती. मेकॅनिकनं ब्रेकचे पॅड साफ केले, एक फेरी मारून आणली, ठीक आहे म्हणाला. धुऊन पुसून गाडी दुपारीच तयार झाली. सर नीट आरशात बघून, सीटबेल्ट लावून गेटबाहेर पडले. मी काचेतून बघत होतो. ताईंचं सांगणं माझ्या लक्षात होतं. विसरलो होतो असं मी कुणालाही सांगितलेलं नाही, कारण ते खरं नाही.

दोन दिवसांनी एका पार्टसाठी गोदामात फोन केला तेव्हा ताईंनी उचलला. बोलता बोलता मी म्हणालो, वैद्य सर येऊन गेले परवा.

“कशाला?”

मी पार्टचा नंबर पुन्हा सांगू लागलो.

“पेडल?”

“हो.”

“गाडी कुठं आहे?”

“दिली.”

फोन बंद झाला. पुढचं मला नंतर कळलं. ताईंनी सरांना फोन लावला, तो नुसताच वाजला. रिक्षा करून त्या मुलुंडला गेल्या. दाराला कुलूप. शेजारच्या बाई म्हणाल्या, दोघं आत्ताच निघाले, कांदिवलीला सरांच्या बहिणीकडे जेवायला बोलावलंय. ताई जिन्यात उभ्या राहून फोन लावत राहिल्या. पण सर गाडी चालवताना फोन कधीच उचलत नसत. शिस्तीचा माणूस.

पवईच्या उतारावर गर्दी होती. गाडी पुढं सरकायची, थांबायची, सरकायची, थांबायची. सातव्या की आठव्या वेळी पेडल खाली गेलंच नाही. समोर शाळेची बस होती. सरांनी गाडी डावीकडच्या भिंतीवर घातली. भिंतीच्या बाजूला मालतीकाकू बसल्या होत्या.

काकू तिसऱ्या दिवशी गेल्या. सरांच्या कमरेचं हाड मोडलं होतं. मी हॉस्पिटलमध्ये गेलो तेव्हा ताई त्यांच्या उशाशी बसल्या होत्या. सरांना काकूंचं सांगितलेलं होतं. ते छताकडे बघत एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होते.

“मी दाबत होतो सुजाता. पूर्ण दाबत होतो ग.”

“माहीत आहे सर,” ताई म्हणायच्या. “माहीत आहे मला.”

पण बाकीच्यांना माहीत नव्हतं. वय झालेलं, घाबरून ब्रेकऐवजी दुसरंच पेडल दाबलं असणार, असं बहिणीपासून पोलिसांपर्यंत सगळे म्हणत होते. काही दिवसांनी खुद्द सरही तसं म्हणू लागले. इन्शुरन्सचा माणूस वर्कशॉपमध्ये चौकशीला आला. माझ्यापुढं सरांची फाइल उघडली. मी लिहिलेलं कार्ड त्यात नव्हतं. त्याच्या जागी दुसरं होतं, स्वच्छ टाइप केलेलं : ‘जनरल चेकअप.’

“ब्रेकची काही तक्रार होती का?” त्यानं विचारलं.

काचेच्या दारापलीकडे मॅनेजर फोनवर बोलत उभा होता. माझ्याकडे बघतही नव्हता.

“नाही,” मी म्हणालो.

का म्हणालो त्याची कारणं देता येतील. देत नाही.

ताईंनी त्यांच्या बाटल्या त्या माणसाच्या ऑफिसात नेऊन ठेवल्या. त्यानं विचारलं, ह्या त्याच गाडीतल्या आहेत का? त्या गाडीतल्या नव्हत्याच. आठवड्यात ताईंचं गोदामातलं काम गेलं. भांडुपमधल्याच एका गॅरेजवाल्यानं त्यांना बोलावलं, तिथं त्या इंजिनं खोलू लागल्या. मी त्यांना फोन केला नाही. त्यांनीही केला नाही.

असं वर्ष जात आलं. मग एका शनिवारी शोरूममध्ये नवीन पोस्टर लागलं. पाचवं इंजिन येत होतं. मी माहितीपत्रक उलटून बघितलं आणि एका ओळीवर थांबलो. दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, ते घेऊन टेंभीपाड्यात गेलो. ताई दारात बसून मेथी निवडत होत्या. आत ये म्हणाल्या नाहीत, जा पण म्हणाल्या नाहीत. मी माहितीपत्रक पुढं केलं. त्यांनी चष्मा लावला.

‘आता अधिक टिकाऊ पोलादी साखळीसह.’

त्यांनी ती ओळ दोनदा वाचली. मग मेथीची जुडी बाजूला ठेवली.

“म्हणजे त्यांना ठाऊक होतं,” त्या म्हणाल्या.

मी माफी मागायला आलो होतो. सुरुवात केली, “ताई, त्या दिवशी मी…” पण त्यांचं लक्ष नव्हतं.

“सरांची गाडी कुठं आहे?”

“गाडी? ती इन्शुरन्सनं विकली. कुणीतरी घेतली, पत्रा सरळ करून रंगवून पुढं विकली. दहिसरला आहे. मागच्या महिन्यात सर्व्हिसला येऊन गेली, नंबर बघून मी ओळखली.”

“इंजिन?”

“तेच. मार बाजूला बसला होता.”

ती गाडी माझ्या काउंटरवरून पुन्हा एकदा बाहेर गेली होती, हे ताईंना सांगावं लागलं नाही. त्या उठल्या, आतून टॉर्च आणि पान्यांची पिशवी घेतली, आणि चपला पायात सरकवल्या.

दहिसर नदीच्या अलीकडे जुन्या चाळी आणि त्यांना टेकून एक नवा टॉवर आहे. टॉवरच्या खाली ती गाडी उभी होती, आता निळ्या रंगाची. नितीन नावाचा तिशीतला माणूस ओल्या फडक्यानं ती पुसत होता. मागच्या सीटवर लहान मुलाची खुर्ची पट्ट्यांनी बांधलेली होती. ताईंनी थेट मुद्द्यालाच हात घातला. इंजिन, पट्टा, ब्रेक. ऐकता ऐकता त्याचा चेहरा बदलत गेला, पण भीतीनं नाही.

“तुम्ही कोण? कंपनीकडून आलाय?”

“नाही.”

“मग हे काय नवीन? घाबरवायचं आणि गाडी घेऊन जायची? निघा यार. गाडी झकास चालते माझी.”

“पेडल कसं लागतं?” ताईंनी विचारलं.

तो थांबला. “सकाळी जरा घट्ट असतं. पण सर्व्हिसवाल्यांना विचारलंय मी. नॉर्मल आहे म्हणाले.”

पहिल्या मजल्याच्या खिडकीत एक बाई मूल कडेवर घेऊन उभी होती, खाली काय चाललंय ते बघत. मूल काचेवर हात आपटत होतं.

“ते मी सांगितलं तुम्हाला,” मी म्हणालो.

“काय?”

“सर्व्हिस सेंटरमध्ये. काउंटरवर मीच होतो. तुमच्या आधी ज्यांची ही गाडी होती त्यांनाही मीच सांगितलं होतं, नॉर्मल आहे म्हणून. त्यांची बायको ह्या गाडीत गेली. ह्या सीटवर. चौकशी झाली तेव्हा मला विचारलं, ब्रेकची तक्रार होती का. होती. मी नाही म्हणालो.”

हे सगळं मी पहिल्यांदाच मोठ्यानं बोललो होतो, तेही अनोळखी माणसापुढं, भर दुपारी, टॉवरच्या पार्किंगमध्ये. नितीनचं फडकं हातातच राहिलं. मला वाटलं, आता मारतो. त्यानं वर खिडकीकडे पाहिलं. मग खिशातून किल्ली काढून ताईंच्या हातात दिली.

ताईंनी गाडी सुरू केली नाही. बॉनेट उघडलं, तेल ओतायच्या तोंडाचं झाकण काढलं आणि आत टॉर्च मारला. त्या तोंडातून पट्ट्याचा थोडा भाग दिसतो. सुकलेल्या तळ्याच्या तळाला पडतात तशा भेगा त्यावर पडल्या होत्या. त्यांनी पिशवीतल्या तारेच्या आकड्याच्या टोकानं तो नुसता खरवडला. टोकावर काळा लगदा आला. त्यांनी तो नितीनच्या बोटावर ठेवला.

“बायकोला घेऊन शेवटचं कधी गेलात ह्याच्यातून?”

“आज जाणार होतो,” तो म्हणाला. “सासरी. घोडबंदरला.” मग तो गाडीच्या शेजारी जमिनीवरच बसला.

टो करणारी गाडी कुठून मागवायची, कुणाकडे खोलायचं, कंपनीला काय लिहायचं, सगळं ताईंनी त्याला सांगितलं. परत येताना मुलुंड चेकनाक्यापाशी आम्ही उभे राहिलो. ठाण्याकडून गाड्यांची रांग शहरात येत होती, रविवारची माणसं, मागच्या सीटवर पोरं, खिडकीबाहेर फुगे. ताई त्या रांगेकडे बघत होत्या.

“ह्यातल्या किती जणांना आज सकाळी पेडल घट्ट लागलं असंल रे?”

मी गाड्या मोजायला लागलो, मग सोडून दिलं.

“हितं बोललास ते ठीक झालं,” थोड्या वेळानं त्या म्हणाल्या. “सरांना सांगितलंस?”

“नाही.”

“मग जा.”

“तुम्ही चला ना ताई.”

“मी कशाला? मी त्यांना सांगून दमले. ते म्हणतात, सुजाता, तू माझ्यावरच्या मायेनं बोलतीस.” त्यांनी भांडुपच्या बाजूची रिक्षा थांबवली. “तुझ्याकडनं ऐकायचंय त्यांना. जा, उशीर नको करू.”

ती आमची शेवटची भेट. पुढं पौर्णिमाला संभाजीनगरला नोकरी लागली आणि ताई तिकडे गेल्या. तिथल्याच एका आयटीआयमध्ये शिकवतात असं ऐकतो. मी लेखी जबाब दिला, माझी नोकरी गेली, केस अजून चालू आहे. तारखेला जातो तेव्हा कंपनीचा वकील मला विचारतो, तुम्ही आधी खोटं बोललात की आता बोलताय? मी म्हणतो, आधी.

पण त्या रविवारी यातलं काहीच घडलेलं नव्हतं. मी चेकनाक्यावरून सरळ सरांच्या घरी गेलो. बेल वाजवली. आतून काठीचा आवाज हळूहळू जवळ येत गेला, कडी निघाली. सर फार बारीक झाले होते. त्यांच्यामागे टेबलावर एकच ताट मांडलेलं होतं.

“ये परब,” ते म्हणाले. “बरेच दिवसांनी आलास.”

मी आत गेलो नाही. उंबऱ्याबाहेरच उभा राहिलो.

“सर,” मी म्हणालो, “तुम्ही ब्रेकच दाबला होता.”